धर्माचं तत्त्वज्ञान शिकवताना आचाराचं काय करायचं?

कृष्णाकाठ
सांगलीत आम्ही काही जण धर्माच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यासवर्ग सुरू करतोय. दहा रविवार, दर वेळी दोन तास. वेगवेगळ्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम समोर ठेवून कच्चा आराखडा केला: ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे, दुःखाचा प्रश्न, श्रद्धा आणि बुद्धी, धार्मिक अनुभव, चमत्कार, धर्माची भाषा, मरणोत्तर जीवन. आराखडा वाचून गटातल्या एकीनं विचारलं, की यात लोक जे करतात ते कुठं आहे? वारी, उपास, नमाज, श्राद्ध, आहारदान, विहारातली वंदना यांपैकी काहीच नाही. सगळा अभ्यासक्रम माणसं काय मानतात यावर, काय करतात यावर एक तासही नाही.

आता गटात दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, आचार हा समाजशास्त्राचा आणि मानववंशशास्त्राचा प्रांत. तत्त्वज्ञानानं विधानं घ्यावीत, ती खरी की खोटी ते बघावं. दुसऱ्यांचं म्हणणं, हा साचाच मुळात ख्रिस्ती वादविवादातून आलेला आहे. ज्या घरात 'देव आहे' हे वाक्य वर्षभरात कुणी उच्चारत नाही पण देवपूजा एक दिवस चुकत नाही, त्या घरातल्या धर्माबद्दल हा साचा काय सांगणार?

माझा कल दुसरीकडे आहे. पण 'आचारही महत्त्वाचा' असं म्हणून पुढं जाण्यात अर्थ नाही. आचारातून तत्त्वज्ञानाचा खरा प्रश्न कसा निघतो, याची ठोस उदाहरणं हवी आहेत. शक्यतो सातारा-सांगलीकडची, म्हणजे प्रत्यक्ष जाऊन बघता येतील.

भडंग
दहा रविवार म्हणजे धाडस आहे. आयपीएल संपल्यावर सुरू करा एवढंच सांगतो.

तर्ककर्कश
पहिल्या तटात माझं नाव लिहा. एखादा विधी हजार वर्षं चालला, त्यातून लोकांना धीर मिळाला, गाव एकत्र आलं, तरी त्यामागचं विधान त्यामुळं खरं ठरत नाही आणि खोटंही ठरत नाही. विल्यम जेम्सनं 1902 सालीच हे वेगळं करून ठेवलंय: एखादी गोष्ट कशी उगवली हा एक प्रश्न, तिची किंमत काय हा दुसरा. आचाराचं वर्णन पहिल्यात मोडतं. वर्गात तुम्ही वारीचा व्हिडिओ दाखवाल, सगळ्यांचे डोळे पाणावतील, आणि त्यानंतर 'पण हे खरं आहे का' असं विचारायची कुणाची छाती होणार नाही. ही माझी भीती.

विश्रामबाग
तर्ककर्कश, दुसरी बाजूही दुबळी नाही. मानववंशशास्त्रज्ञ फ्रेझर म्हणाला होता, की जादूटोणा आणि विधी म्हणजे चुकलेलं विज्ञान. त्यावर तत्त्वज्ञ विटगेनस्टाइननं 1931 च्या सुमारास टिपणं काढली. त्याचा मुद्दा असा, की जिवलगाच्या फोटोचं चुंबन घेणारा माणूस फोटोतल्या माणसावर काही परिणाम व्हावा म्हणून तसं करत नाही. त्या कृतीमागं मतच नसेल, तर ते मत चूक असं म्हणणं गैरलागू. पण हे धोरण शेवटपर्यंत ताणलं, की कुठल्याच आचारावर बाहेरून टीका करता येत नाही. काई नीलसननं 1967 मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. वर्गात दोन्ही घ्या.

वाईची_गल्ली
कृष्णाकाठ, तुम्ही आचारासाठी जागा शोधताय, पण आपल्याकडं एक अख्खं दर्शन आचारावरच उभं आहे. पूर्वमीमांसा, म्हणजे वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावणारं दर्शन. ईश्वर मानल्याशिवाय धर्माचं तत्त्वज्ञान कसं करायचं, ते तिथं बघा. देवतासुद्धा त्यांच्या लेखी विधिवाक्यातल्या चतुर्थी विभक्तीपुरती, म्हणजे 'अमक्याला आहुती' यातल्या 'ला'पुरती. आहुती खाणारी, प्रसन्न होणारी देहधारी देवता त्यांना लागत नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या केवलानंद सरस्वतींनी सात खंडांचा मीमांसाकोश केला. म्हणजे साहित्यासाठी लांब जायला नको.

मला तुमच्या वर्गासाठी सुचतो तो जैमिनीच्या मीमांसासूत्रांतल्या सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद, म्हणजे पोटभाग. विषय एकच: ठरलेली वस्तू मिळाली नाही किंवा विधी अर्धवट झाला, तर काय? व्रीही (भात) संपले तर नीवार (रानभात) चालतात. सोमवल्ली मिळाली नाही तर पूतिका ही दुसरी वनस्पती. पण सगळंच बदलता येत नाही. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी, म्हणजे बदली, नाही. यजमानालाही नाही, कारण फळ त्याचं. उडीद आणि कोद्रू ही मुळातच निषिद्ध धान्यं, त्यामुळं दिसायला जवळची असली तरी चालत नाहीत.

त्याच पादात आणखी एक भेद आहे. नित्य कर्म यथाशक्ती केलं, एखादं अंग राहिलं, तरी झालं असं धरतात. काम्य, म्हणजे फळाच्या इच्छेनं केलेल्या, कर्मात मात्र एक अंग जरी राहिलं तरी फळ नाही. म्हणजे पाऊस पडावा म्हणून केलेली इष्टी अर्धवट झाली तर फुकट, रोजचं अग्निहोत्र तसं नाही.

हे वाचून मला एक पद्धत सुचते. एखाद्या आचाराचं तत्त्वज्ञान बघायचं असेल, तर तो सुरळीत चालताना बघू नका, बिघडल्यावर बघा. काय बदललं तर चालतं, काय राहिलं तर पहिल्यापासून करावं लागतं, कशाला प्रायश्चित्त पुरतं. त्या आचाराच्या मते खरं काय आहे, ते तिथं उघडं पडतं. करणाऱ्याला विचारून ते कळत नाही.

कंदी_पेढा
वाईकरांचा नियम लगेच लावून बघतो. उपासाला धान्य चालत नाही. मग चालतं काय? साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची. ही सगळी मंडळी अमेरिका खंडातून आली, पोर्तुगीज काळात. निषिद्ध पदार्थांची यादी झाली तेव्हा यातलं एकही इथं नव्हतं, म्हणून यादीत नाही, म्हणून चालतं! एकादशी दुप्पट खाशीचं मूळ कोलंबसात आहे.

हळदपेठ
@कंदी_पेढा आणि भगर? काही घरांत महादेवाच्या उपासाला वरी चालत नाही, एकादशीला चालते. काही घरांत उलट.

कंदी_पेढा
भगरीवर वेगळा धागा काढा, नाहीतर इथं दोनशे प्रतिसाद होतील आणि जैमिनी बाजूला राहील.

माहुलीचा_घाट
वाईकरांचं म्हणणं कृष्णेच्या कुठल्याही घाटावर तपासता येईल. संगम माहुलीला दशक्रियेच्या वेळी काय होतं ते क्रमानं लिहितो.

भाताचे पिंड मांडून पूजा झाली, की पिंड मोकळ्या जागी दगडावर ठेवतात. शेजारी गेलेल्याच्या आवडीचं काही: लाडू, भजी, चहा, कधी तंबाखूची पुडीसुद्धा. मग सगळे मागं सरतात आणि कावळ्याची वाट बघतात. लगेच शिवला तर पाच मिनिटांत मंडळी आंघोळीला. नाही शिवला, की जवळचा माणूस पुढं होऊन हात जोडून बोलतो: 'धाकटीचं लग्न आम्ही करू', 'आईकडं बघू', 'भावाचा वाटा देऊ'. थोडं थांबायचं, दुसरं वचन द्यायचं. तरीही नाहीच, तर दर्भाची काडी वळून कावळा करतात, तो पिंडाला लावतात आणि पिंड नदीत सोडतात.

का शिवत नाही याची साधी कारणं सगळ्यांना माहीत असतात. एका सकाळी घाटावर चार-पाच दशक्रिया झाल्या की कावळ्यांची पोटं भरलेली असतात. पाऊस लागला तर ते फिरकत नाहीत. माणसं पुरेशी लांब गेली नाहीत किंवा कुत्रं जवळ असलं तरी उतरत नाहीत. गुरुजी म्हणूनच आधी सगळ्यांना मागं हटवतात. कारणं माहीत असूनही वचनं दिली जातात.

आता प्रश्न. दर्भाचा कावळा चालतो, म्हणजे नियमाच्या दृष्टीनं कावळा बदलता येणारी वस्तू. पण दर्भावर काम भागवावं लागलेल्या घरात पुढं वर्षभर 'त्यांचा जीव कशात तरी अडकलाय' ही चर्चा चालते. विधी पूर्ण झाला, समाधान झालं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला मीमांसेत सापडत नाही, घाटावर सापडतं.

वाईची_गल्ली
माहुलीकर, फार चांगलं उदाहरण. कावळ्याचं शिवणं हे कर्माचं अंग की नुसती खूण, असा वाद इथं घालता येईल. अंग असेल तर प्रतिनिधी चालला पाहिजे, आणि चालतो. खूण असेल तर प्रतिनिधीला अर्थच नाही, कारण खूण आपण करून घ्यायची नसते. घाट एकाच वेळी दोन्ही धरून चाललाय.

तर्ककर्कश
थांबा. माहुलीकरांनी माझीच बाजू मांडली. 'धाकटीचं लग्न करू' असं जो बोलतो, तो मेलेला माणूस ऐकतो असं मानतो. म्हणजे शेवटी विधानच आलं. मग ते तपासा: ऐकतो का? कावळा वचनानंतर उतरला तर पुरावा, नाही उतरला तर दर्भ. कुठलाही निकाल लागला तरी मत शाबूत, अशा मताची परीक्षा होऊ शकत नाही.

विश्रामबाग
विधान आहे, मान्य. पण ते सापडलं कुठं? त्याच माणसाला घरी बसवून 'मेल्यावर माणूस ऐकतो का' असं विचारा. बरेच जण हसून नाही म्हणतील. तोच माणूस घाटावर हात जोडून मोठ्यानं बोलतो. मग त्याचं मत कोणतं धरायचं? बैठकीतलं की घाटावरचं? 'मानणं' म्हणजे नेमकं काय, हाच मुळात तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, आणि प्रश्नावली वाटून तो सुटत नाही.

तर्ककर्कश
हे मात्र खरं. पण मग तुम्ही विधान सोडलं नाही, ते शोधायची जागा बदलली. एवढ्यावर माझी सही घ्या.

मिरज_जंक्शन
बिघडलं तर काय, हे इस्लामी फिकहमध्ये, म्हणजे आचाराच्या नियमशास्त्रात, फार बारकाईनं बांधलेलं आहे. त्यात वेगवेगळे पंथ आहेत. आमच्या भागात बहुतेक हनफी मत, त्याप्रमाणं सांगतो.

नमाजचे भाग तीन पातळ्यांवर असतात. फर्ज, म्हणजे उभं राहणं, रुकू (कमरेत वाकणं), सजदा (कपाळ टेकणं) वगैरे: यातलं एक राहिलं तर नमाज झालीच नाही, परत पढायची. वाजिब, उदाहरणार्थ सूरह फातिहा म्हणणं किंवा चार रकातींच्या (आवर्तनांच्या) नमाजमध्ये दोन रकातींनंतर बसणं: हे विसरलं तर शेवटी दोन जादा सजदे करायचे, त्याला सजदा-ए-सहव म्हणतात, नमाज भरून निघते. मात्र वाजिब मुद्दाम सोडलं तर ते सजदे पुरत नाहीत, परत पढावी लागते. सुन्नत राहिली तर नमाज होते, सवाब (पुण्य) कमी. म्हणजे तीच चूक, पण विसरून झाली की जाणून केली यावर उपाय बदलतो. नीयतीला किती वजन आहे हे यावरून कळतं.

गंमत अशी, की कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे आहेत. त्यांच्याकडं फातिहा हा रुक्न, म्हणजे अनिवार्य भाग. ती राहिली तर ती रकातच धरत नाहीत, दोन सजद्यांनी भागत नाही. मिरजेचा माणूस आणि रत्नागिरीचा माणूस एकाच सफमध्ये (रांगेत) खांद्याला खांदा लावून उभे राहिले तर बघणाऱ्याला फरक दिसणार नाही. चूक झाली तरच दिसेल.

प्रतिनिधीचंही आहे. वजूला, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुवायला, पाणी नसेल किंवा आजारात पाणी चालत नसेल तर तयम्मुम: शुद्ध मातीवर हात मारून तोंडावर फिरवायचे, परत मारून कोपरापर्यंत. पाणी मिळालं आणि वापरता येत असलं की तयम्मुम तुटतो. आता मातीनं हात धुतले जात नाहीत हे उघड आहे. म्हणजे वजू हा स्वच्छतेसाठी असतो, हे जे सोप्या पुस्तकांत लिहितात, ते तयम्मुमपुढं टिकत नाही.

भडंग
व्हॉट्सॲपवरच्या 'शास्त्रीय कारण' वाल्यांना हा शेवटचा परिच्छेद पाठवला पाहिजे. मातीत कुठले बॅक्टेरिया मरतात ते शोधून काढतील म्हणा.

हळदपेठ
कडेगावच्या मोहरमवरही कुणीतरी लिहा.

गाळलेलं_पाणी
सांगली भागात दिगंबर जैन समाज मोठा, तेव्हा मुनींच्या आहाराचं लिहितो. चातुर्मासात कुठंही बघायला मिळेल.

मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. ताट-वाटी नाही. निघताना मनात एक अट धरतात, अमुक खूण दिसली तरच आहार. ती कुणाला सांगत नाहीत. खूण जुळली नाही तर उपास. दारात उभं राहून 'नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ' म्हणत पडगाहन, म्हणजे मुनींना आहाराचं आमंत्रण, करायचं. मग उच्चासन, पादप्रक्षालन, पूजन, नमस्कार, आणि मन, वचन, काया, आहार या चारांची शुद्धी बोलून दाखवायची. ही नवधा भक्ती. पाणी जाड कापडाच्या दुहेरी घडीतून गाळलेलं. गाळलेल्या पाण्याची मुदत एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटं. ते चांगलं उकळलं तर 24 तास. गाळण्यावर राहिलेले जीव ज्या विहिरीतून पाणी आणलं तिथंच परत सोडायचे. नळाच्या पाण्यानं ही शेवटची पायरी अशक्य झाली आहे, म्हणून चौक्यासाठी, म्हणजे मुनींच्या आहाराच्या शुद्ध स्वयंपाकासाठी, अजून विहिरीचं पाणी लागतं.

बिघाड कुठं होतो? ओंजळीत केस निघाला, मेलेला किडा निघाला, की अंतराय, म्हणजे विघ्न. आहार तिथंच बंद. पुढचा दिवस उजाडेपर्यंत पाणीही नाही. मूलाचार या मुनिधर्माच्या ग्रंथात असे 32 अंतराय सांगितलेत. वाढणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, पण कुणी 'एवढा केस काढून टाका' म्हणत नाही.

याचा तत्त्वज्ञानाशी संबंध असा. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली कुंथलगिरीला सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी क्रमानं सोडून देह ठेवण्याचं व्रत, घेतली, ऑगस्टच्या मध्यापासून 18 सप्टेंबरला देह ठेवेपर्यंत. कारण सांगितलं जातं ते दृष्टी जाण्याचं. बाहेरच्याला हे विचित्र वाटतं: दिसत नाही म्हणून कुणी अन्न सोडतं का? पण ईर्यासमिती म्हणजे पुढची जमीन बघून पाऊल टाकण्याचा नियम. ओंजळीतला घासही तसाच बघून घ्यायचा. दिसत नसेल तर प्रत्येक पाऊल आणि प्रत्येक घास म्हणजे न बघता केलेली हिंसा. महाव्रत मोडून जगायचं की व्रत राखून देह सोडायचा, असा तो प्रश्न आहे. 'ही आत्महत्या आहे का' हा वाद चौका आणि समिती माहीत नसताना घातला, तर तो दुसऱ्याच कशाबद्दल तरी होतो.

कोर्टकचेरी
आणि तो वाद खरोखर घातला गेला. राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट 2015 मध्ये संथारा (सल्लेखनेचंच दुसरं नाव) बेकायदा ठरवला, त्याच महिन्याच्या 31 तारखेला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. यामागचा निकष 1954 च्या शिरूर मठ खटल्यापासूनचा: अमुक आचार त्या धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का. म्हणजे आपल्या देशात न्यायाधीशांना धर्माचं तत्त्वज्ञान करावंच लागतं, आणि बहुतेकदा ते ग्रंथ उघडून करतात. ग्रंथात सक्ती सापडली नाही तर आचार ऐच्छिक ठरतो. गाळलेलं_पाणी यांनी जे लिहिलं, की व्रतांच्या साखळीतून सल्लेखना कशी निघते, ते अशा निकषात मावत नाही. एखादी गोष्ट सगळ्यांवर बंधनकारक नसूनही त्या धर्माच्या गाभ्यात असू शकते.

जवळचं उदाहरण बत्तीस शिराळा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, पुढं न्यायालयाचे आदेश आले, आणि जिवंत नाग पकडून पूजा नि मिरवणूक यांवर बंदी आली. प्रतिमेची पूजा करा, असा मार्ग दाखवला गेला. वाईकर, तुमच्या नियमानं देवतेला प्रतिनिधी चालतो का?

चांदोली_रोड
शिराळ्याची आख्यायिका बघा म्हणजे पेच कळेल. गोरक्षनाथ भिक्षेला आले. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती म्हणून तिला उशीर झाला. नाथांनी विचारलं, खऱ्या नागाची पूजा करशील का? आणि मातीचा नाग जिवंत झाला. म्हणजे या गावचा आचारच मातीकडून जिवंताकडं आलेला. कायदा म्हणतो परत मातीकडं जा. इतर गावांत नागपंचमीला पाटावर चंदनानं नाग काढतात आणि कुणाला काही कमी वाटत नाही. इथं तोच पर्याय मूळ कथाच पुसतो. आता यावर नागाच्या बाजूनंही बोललं पाहिजे. पकडणं, मडक्यात दिवस काढणं, मिरवणुकीतला गोंगाट यात त्याचे हाल होतात हे नाकारता येणार नाही. पूजेत पूज्याची पीडा होत असेल तर ती पूजा राहते का, हाही धर्माच्या आतलाच प्रश्न आहे.

खटावची_माती
सगळं वाचतोय, रंगलंय. पण वाईकर, ज्या सहाव्या अध्यायाचं तुम्ही कौतुक करताय, त्याच्याच पहिल्या पादात शूद्राला यज्ञाचा अधिकार नाही असा निकाल आहे. बादरीचं मत सगळ्यांना अधिकार असं होतं, ते पूर्वपक्षात टाकून खोडलं. 'काय राहिलं तर चालतं' याआधी 'कोण असलेलं चालत नाही' हे विचारा. आचार जवळून बघायचा म्हणता, पण आचाराच्या जवळ कुणाला येऊ दिलं होतं?

आणि आचार म्हणजे परंपरेनं आलेलंच का? जोतीरावांचं मूळ गाव आमच्या खटावातलं कटगुण. 1873 ला सत्यशोधक समाज निघाला, आणि पहिलं काम काय केलं, तर भटजीशिवाय लग्न लावलं. त्यांच्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्काचं वचन मागते आणि वर ते सगळ्यांसमोर देतो. मध्यस्थाशिवाय लग्न लागतं, हे त्यांनी आधी करून दाखवलं, मांडणी बरोबरीनं चालू होती. प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांनी याच भागात कमी खर्चाची गांधी लग्नं लावली.

बाबासाहेबांच्या 14 ऑक्टोबर 1956 च्या बावीस प्रतिज्ञा घ्या. अमुक देव मानणार नाही, हे त्यात आहे. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाकडून कोणतंही क्रियाकर्म करून घेणार नाही, हेही आहे. आणि प्रज्ञा, शील, करुणा यांनुसार जगण्याचंही. मानणं आणि करणं एकाच कागदावर, एकाच दमात. तुमच्या वर्गातले दोन्ही तट इथं येऊन एकत्र बसतील.

वाईची_गल्ली
खटावकर, मुद्दा बिनतोड. अधिकाराचा पाद आधी शिकवायचा, प्रतिनिधीचा नंतर. बादरीचं सूत्र मुद्दाम वाचायचं, कारण विरोधी मत त्या काळीही होतं हे त्यातून दिसतं.

विश्रामबाग
तर्ककर्कश यांच्यासाठी एक टोकाचं मतही टाकतो. केरळात पांजाळला एप्रिल 1975 मध्ये बारा दिवसांचा अतिरात्र अग्निचयन हा वैदिक यज्ञ झाला. फ्रिट्स स्टाल हा अभ्यासक त्यात होता. पुढं त्यानं मांडलं, की विधीला अर्थच नसतो, फक्त नियम असतात. करणाऱ्यांचं सगळं लक्ष चूक न होण्याकडं असतं, प्रतीकांकडं नसतं. आपल्याकडं यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्या ग्रंथात, कौत्साचं मत येतं, मंत्र निरर्थक आहेत, ते याच गोत्राचं. पण त्याच यज्ञात लोकांच्या विरोधामुळं बोकडाऐवजी केळीच्या पानात गुंडाळलेलं तांदळाचं पीठ वापरलं. अर्थ नसता तर बोकड की पीठ यावर कुणी भांडलं असतं का?

तर्ककर्कश
बुद्धिबळात हत्ती हरवला तर बाटलीचं बूच ठेवून खेळतात, भांडत नाहीत. तुमचं बरोबर आहे, स्टाल इथं अडकतो.

जतची_बाभूळ
अजून एक नाव यायला हवं होतं. गुरुदेव रा. द. रानडे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातही शिकवत होते, पुढं अलाहाबादला गेले. त्यांचे गुरू भाऊसाहेब महाराज उमदीचे, म्हणजे आमच्या जत तालुक्यातले. रानड्यांच्या लेखी नामस्मरणाचा नेम आणि उपनिषदांचा अभ्यास ही दोन वेगळी कामं नव्हतीच.

त्यांनी संतांच्या अभंगांतले अनुभव रूप, रंग, तेज, नाद असे वर्ग करून तपासले. इथं तर्ककर्कश म्हणतील, डोळे मिटून बसलं की कुणालाही ठिपके दिसतात. दिसतात, आणि परंपरेलाही ते माहीत आहे. म्हणून नुसत्या दिसण्यावर कुणी शिक्का मारत नाही. रानड्यांची कसोटी दुहेरी: वेगवेगळ्या काळांत, भाषांत तोच अनुभव सापडतो का, आणि साधकाच्या बुद्धीवर, भावनेवर, नीतीवर त्याचा परिणाम काय.

संप्रदायाच्या आतही मतभेद आहे. भाऊसाहेब महाराजांचा पिपीलिका मार्ग, मुंगीच्या चालीनं, नाम घेत घेत. त्यांचेच शिष्य सिद्धरामेश्वर महाराज विहंगम मार्गाकडं वळले, विचारानं थेट. साधना किती आणि विचार किती, हा तुमच्या धाग्याचा प्रश्न त्यांनी आपापसात आधीच लढवलाय.

तर्ककर्कश
पहिल्या कसोटीवर माझा आक्षेप. सगळीकडं तोच अनुभव येतो याचं कारण सगळीकडं तोच डोळा आणि तोच मेंदू आहे, असंही असू शकतं. दुसरी कसोटी जास्त चांगली, पण तिनं अनुभव हितकारक ठरतो, खरा ठरत नाही. आणि विरोधी अनुभवांचं काय? जैन मुनीच्या साधनेतून जगत्कर्ता ईश्वर निघत नाही, नामस्मरणातून निघतो.

जतची_बाभूळ
हा आक्षेप राहतो. मी तो सोडवायला बसलो नाही. एवढंच, की तो वर्गात मांडताना दोन्ही साधना माहीत असाव्यात.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा खूपच मिळालं. आता व्यवहाराचं विचारतो. लोकांना घाटावर किंवा चौक्यात नेलं तर काय बघायला सांगू? आणि वर्गातल्यांनी स्वतः काही साधना करावी का?

माहुलीचा_घाट
घाटावर मोबाईल खिशात. दशक्रिया चालू असलेल्या घरच्यांशी बोलू नका, बोलायचं तर नंतर गुरुजींशी. पहिला प्रश्न 'याचा अर्थ काय' असा नको. त्याला ठरीव उत्तर मिळतं, बहुतेकदा पुस्तकातलं. आधी नुसता क्रम लिहा: कोण, कशानं, कशानंतर. मग विचारा, की हे नसतं तर काय केलं असतं? गुरुजी या प्रश्नावर अर्धा तास बोलतात.

गाळलेलं_पाणी
चौक्यात शुद्ध धुतलेले कपडे असल्याशिवाय आत जाता येत नाही. आहाराच्या वेळी बोलायचं नाही, मुनी मौनात असतात. बाहेरून बघायची परवानगी सहसा मिळते, आदल्या दिवशी विचारून ठेवा. बऱ्याच जणींना चौका लावायचे सगळे नियम तोंडपाठ असतात, त्यांच्याशी बोला. पंडितांपेक्षा त्या नेमकं सांगतात.

खटावची_माती
प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न जास्तीचा ठेवा: इथं कोण येऊ शकत नाही, आणि हे कुणी ठरवलं. बायकांचं मुद्दाम विचारा.

वाईची_गल्ली
स्वतः साधना करण्याबद्दल: वेदान्तात विवेक, वैराग्य, शमादी सहा गुण आणि मुमुक्षा (मोक्षाची इच्छा) असल्याशिवाय ब्रह्मविचाराचा अधिकारच नाही. ही अट लावली तर तुमच्या वर्गात कुणी उरणार नाही, मी धरून. पण ती अट का घातली, यावर एक तास जरूर द्या.

तर्ककर्कश
साधनेची सक्ती नको आणि आग्रहही नको. ज्याला करायची त्यानं घरी करावी. नववा रविवार मला द्या, 'हे सगळं खरं आहे का' यासाठी. मात्र घाटाची नि चौक्याची टिपणं आधी मला पाठवा. विधानं तिथूनच उचलेन म्हणतो, पाठ्यपुस्तकातली पाच वाक्यं घेऊन येणार नाही.

मिरज_जंक्शन
वेळ दुपारची दोन ते चार ठेवा, जोहर आणि असर दोन्ही सांभाळून येता येईल. रमजानमध्ये दौरा ठेवू नका, किंवा मग इफ्तारलाच ठेवा.

कृष्णाकाठ
ठरलं, दोन ते चार. नववा रविवार तर्ककर्कश यांचा. सल्लेखनेच्या आठवड्याला वाचायला काय द्यावं? मूलाचार नवख्यांना जड जाईल असं वाटतंय.

गाळलेलं_पाणी
समंतभद्रांचा रत्नकरंडक श्रावकाचार द्या. गृहस्थांसाठी लिहिलेला, आटोपशीर आहे. सल्लेखनेच्या प्रकरणातला पहिला श्लोक घ्या. उपसर्ग, दुष्काळ, म्हातारपण आणि रोग, तेही उपाय उरला नसेल तरच, अशा अटी त्यात आहेत. त्यापुढचे श्लोक अन्न कुठल्या क्रमानं सोडायचं ते सांगतात: आधी घन आहार, मग दुधासारखे स्निग्ध पेय, मग ताक-कांजी, मग नुसतं गरम पाणी, शेवटी तेही नाही. हा क्रम फळ्यावर लिहा आणि मग कोर्टाच्या निकालावर या.